येतो म्हणावं

“बसा,” सासूबाई म्हणाल्या.

माझ्या एका पायात बूट होता, दुसरा हातात होता. पाठीवर सॅक होती. सात वाजताची सोलापूर गाडी औशाच्या स्टँडवर लागली असणार, कंडक्टर चहा पीत असणार, आणि त्याच्या कपात किती चहा उरला असेल याचा मी अंदाज करत होतो.

“आई, गाडी जाईल.”

“जाऊ द्या. आत्ता काय म्हणालात तुम्ही?”

“जातो म्हणालो.”

“मग बसा.”

मी बूट काढला. आत आलो, खुर्चीवर बसलो, मिनिटभर कॅलेंडरवरच्या महादेवाकडे पाहिलं. सासूबाईंनी तळहातावर दही-साखर घातली ती चाटली, हात धुतले, परत बूट घातला आणि उंबऱ्यावर उभं राहून पहिलीतल्या पोरासारखं म्हणालो, “येतो.”

“हां. या.”

त्या घरातून बाहेर पडायचा दुसरा मार्ग नव्हता. ‘जातो’ म्हणू नये, येतो म्हणावं, हे महाराष्ट्रात सगळ्यांनाच शिकवतात. पण बाकीचे लोक ते सांगून सोडून देतात. सासूबाई अंमलबजावणी करायच्या. विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस एकदा सवयीने “जातो काकू” म्हणाला, तर त्यालाही आत बसवून दही चारलं. त्यानंतर तो मीटर रस्त्यावरूनच वाचायचा. बिल अंदाजे यायचं.

याला कारण होतं. माझे सासरे त्या सकाळच्या नऊ वर्षं आधी “जातो गं, पान खाऊन आलोच” म्हणून घरातून निघाले आणि पानाच्या टपरीसमोरच छातीत कळ येऊन गेले. त्या वाक्यात ‘आलोच’सुद्धा होतं, हे मी लग्नानंतर एकदा बायकोच्या लक्षात आणून दिलं. लीला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून तो मुद्दा मी सोडून दिला.

त्या मे महिन्यातल्या सकाळी लीला दारात उभी होती आणि तिच्या कडेवर यमुना. यमुना हे नाव लीलाच्या आजीचं. त्यामुळे आमच्या घरात चौदा महिन्यांची एक यमुनाबाई होती, जिला दात चार होते. मी ‘येतो’ म्हणालो तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडे. दात बघत असेल, मला वाटलं. मी तिला हात हलवून आणखी एकदा “येतो हं यमे” म्हटलं आणि गेलो तो पाच महिन्यांसाठी.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि पाटणच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर, पवनचक्क्या सांभाळत होतो. सोळा पवनचक्क्या, एक कंट्रोल रूम, मी आणि शेळकेमामा नावाचे वॉचमन. लीला औशाजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची, म्हणून ती आणि यमी सासूबाईंकडे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा असतो. वारा सुटी घेत नाही तोवर आम्हालाही सुटी नाही, असा कंपनीचा नियम होता. शेळकेमामा पवनचक्कीला पंखा म्हणायचे. एवढे पंखे लावूनही वर इतका वारा कशाला लागतो, हे मला तिथे बसून कधी कळलं नाही.

माझं काम दर तासाला तक्ता भरायचं. वेळ, वाऱ्याचा वेग, किती वीज, कुठलं यंत्र बंद, आणि शेवटी एक रुंद रकाना: शेरा. या रकान्यात लिहिण्यासारखं चार-चार दिवस काही घडायचं नाही. वारा यायचा, पंखे फिरायचे, यात शेरा मारण्यासारखं काय असणार. तो रकाना बघून मला एकटं वाटायचं. एवढी जागा ठेवलीय, म्हणजे इथे काहीतरी घडेल अशी कुणाची तरी अपेक्षा होती.

मग एके दिवशी लीलाचा फोन आला की यमी कावळ्याला ‘काऊ’ म्हणाली. मी कंट्रोल रूमवर परत येऊन लिहिलं: दुपारी ३, वारा ११, शेरा – काऊ.

त्यानंतर सवयच लागली. ‘मम्म.’ ‘आज्जी.’ ‘नाइ.’ ‘बाबा (फोटोला).’ ‘ज्जा.’ ‘बाबा (मीटरवाल्याला).’ माझ्या मुलीचे सगळे शब्द मला बातम्यांसारखे कळत होते, कुठे काय घडलं ते, आणि मी ते त्या रकान्यात लिहून ठेवत होतो. हे तक्ते महिन्याला साताऱ्याच्या ऑफिसात जातात, हे मी विसरलो. जुलैत तिथल्या देवस्थळी साहेबांचा फोन आला. काऊ हा कुठला बिघाड, आणि तो चार नंबरला की सगळ्यांना?

मी म्हणालो, “पक्ष्यांचा त्रास, सर.”

“आणि मम्म?”

“ऑइल लेव्हल,” म्हणालो. ते बरं म्हणाले.

सड्यावर मोबाईलला रेंज फक्त नऊ नंबरच्या पंख्याखाली यायची, तीही बोलण्यापुरती. चित्र दिसायचं नाही. रोज संध्याकाळी मी तिथे जाऊन उभा राहायचो आणि वाऱ्यात ओरडायचो. लीला फोन यमीच्या कानाला लावायची. ती ऐकायची, श्वास घ्यायची, कधी ‘बाबा’ म्हणायची. ते पाच सेकंद मला दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत पुरायचे. मग मी शेवटी म्हणायचो, “यमे, बाबा येतो हं. दिवाळीला येतो.”

आणि ती रडायची. साधं नाही. फोन लांब जातोय, लीला तिला घेऊन फिरतेय, सासूबाई खुळखुळा वाजवतायत, हे सगळं मला ऐकू यायचं.

पहिल्यांदा वाटलं, झोप आली असेल. दुसऱ्यांदा वाटलं, दात येत असेल. मग प्रयोग म्हणून एकदा फोन लावल्या लावल्याच म्हणालो, “यमे, मी येतो.” लगेच रडली. चार-पाच वाक्यं इतरही बोलून पाहिली. मी पंखे बघतो. मला चपात्या नीट येत नाहीत. शेळकेमामा घोरतात. या कशालाच तिची हरकत नव्हती. मी येणार म्हटलं की रडायची.

लीलाचं म्हणणं, वाऱ्याच्या आवाजाला भीत असेल. म्हणून शेळकेमामांनी घोंगडी आणली. मी नऊ नंबरखाली उकिडवा बसायचो, मामा माझ्यावर घोंगडी टाकून कडा दाबून धरायचे, आणि आत अंधारात मी माझ्या मुलीला हळू आवाजात सांगायचो की मी येतो. म्हशी घेऊन चाललेल्या एका माणसाने मामांना विचारलं, याला काय झालंय. मामा म्हणाले, बाप झालाय.

घोंगडीतूनही ती रडायची. मग मी घोंगडी बंद केली.

सप्टेंबरात देवस्थळी साहेबांनी जैसलमेरचं काढलं. तिकडे नव्या साइटवर माणूस हवा होता. तीन वर्षं, बढती, सहा महिन्यांतून एकदा घरी. मी नाही म्हणणार हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. दिवाळी झाली की सोमवारी साताऱ्याला येऊन काय ते सही करून सांगा, म्हणाले. वाळूतही वारा असतो, एवढं ते शेवटी म्हणाले. ते मला पटवायला म्हणाले असावेत.

दिवाळीच्या आदल्या दिवशी औशाला पोचलो. अकरा तासांच्या प्रवासात मी एकच वाक्य पाठ करत आलो होतो. ते होतं ‘ये’. याच्यापेक्षा लांब वाक्य पहिल्या भेटीला नको, असं ठरवलं होतं.

यमी सासूबाईंचं लुगडं धरून उभी होती. उभी. मी गेलो तेव्हा ती बसायची नुसती. अंगात हिरवा फ्रॉक होता, केसांचा वर एक कारंजा बांधलेला होता, आणि ती माझ्याकडे जनगणनेला आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. मी सॅक खाली ठेवली, उंबऱ्याशी गुडघ्यावर बसलो, हात पसरले.

“ये, यमे. ये.”

तिचा खालचा ओठ बाहेर आला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग वळली आणि कुणी पाठवल्यासारखी चालत आत गेली, स्वयंपाकघर ओलांडून, फडताळाच्या कोपऱ्यात, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला चालताना मी पहिल्यांदाच बघत होतो. छान चालत होती.

मी पुन्हा “ये” म्हटलं. तिने कोपऱ्यात आणखी आत शिरायचा प्रयत्न केला. मग तोंड वळवलं, डोळ्यांत पाणी, दोन्ही हात पुढे केले, आजी मांजराला हाकलायची तसे, आणि म्हणाली,

“जा. बाबा, जा.”

“असं म्हणू नये बाळा,” सासूबाई म्हणाल्या. लीलाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी हसलो. पोरगी स्पष्टवक्ती आहे, म्हणालो. आपल्यात कुणाला तरी असायलाच हवं होतं.

पुढचे दिवस मी दारात बसून काढले. जवळ गेलं की घाबरेल म्हणून लांबून बघायचो. पक्षी बघायला जाणारे लोक बसतात तसा, हालचाल न करता, पाठ दुखेपर्यंत. आणि खरं सांगतो, त्याच्याइतकं सुंदर मी तोवर काही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने फडताळातले पाच डबे काढले. पाच झाकणं वेगळी झाली. मग तिने एकेक झाकण एकेका डब्यावर ठेवून पाहायला सुरुवात केली. मोठं झाकण लहान डब्यावर ठेवलं तेव्हा ते खाली सरकलं. तिने ते उचलून डोक्यावर ठेवलं, तिथेही बसलं नाही, तर तिने डब्याला एक चापट मारली. लीला मदत करायला उठली, मी हातानेच थांब म्हणालो. अर्धा तास गेला. शेवटी एक झाकण ‘टक्’ करून बसलं. यमी थांबली. काढलं, परत बसवलं. टक्. तिने टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, कुणी पाहिलं ना याची खात्री करायला. त्या फेरीत अर्धा सेकंद माझी पाळीही आली. मी टाळी वाजवणार एवढ्यात तिची नजर पुढे गेली होती.

ती उंबरा उलटं होऊन उतरायची, पाय आधी टाकून, विहिरीत उतरल्यासारखी. काऊ दिसला की काऊ म्हणायची, आणि तो उडून गेल्यावर मोकळ्या आभाळालाही काऊ म्हणायची. फोनवर ऐकलेले सगळे शब्द मी आता प्रत्यक्ष बघत होतो. माझ्याकडे त्यांची तारीख आणि वेळ होती, वाऱ्याच्या वेगासकट.

मांजर शेजाऱ्यांचं होतं. दुधाच्या वेळी ते दारात यायचं आणि सासूबाई दोन्ही हात झाडून ‘जा गं, जा’ करायच्या. मग ते आत यायचं. हे दिवसातून चार वेळा. तिसऱ्या दिवशी यमी एकटी ओट्यावर बसली होती, तिने मांजराला पाहून हात पुढे केले, ‘जा’ म्हणाली, आणि मांजर आलं, तिच्या पायावर अंग घासून बसलं. यमीने माझ्याकडे असं बघितलं की, बघ, याला कळतं.

मग तिने तेच मला म्हटलं. दोन्ही हात पुढे करून. “बाबा, जा.”

मी उठून रस्त्यावर गेलो. पोस्टापर्यंत जाऊन आलो. परत आलो तर ती दारात रडत होती आणि सासूबाई म्हणत होत्या, काय झालं की लेकराला. मला वाटलं, परत आलो म्हणून रडतेय.

त्याच संध्याकाळी मी देवस्थळी साहेबांना फोन करून जैसलमेर चालेल म्हणालो. ते इतके खूश झाले की मला दिवाळीच्या शुभेच्छा दोनदा दिल्या. मग लीलाला सांगितलं. ती चिवड्यासाठी पोहे चाळत होती. तिची चाळणी थांबली.

“यमीचा काही विचार केला का?”

“तिनेच सुचवलं,” मी म्हणालो.

ती हसली नाही. लहान आहे, ओळखेल हळूहळू, असं ती म्हणाली. मी म्हणालो, ओळखतेय, तोच तर प्रश्न आहे. मीटरवाल्याला ती बाबा म्हणते आणि त्याला जा म्हणत नाही. बाबा फोटोत असेल तर तिला चालतो. सहा महिन्यांनी एकदा त्रास देईन, दर दोन महिन्यांनी कशाला. हे मी विनोद म्हणून सुरू केलं होतं. मध्येच ते विनोदासारखं वाटेनासं झालं, पण तोवर वाक्य संपवणं भाग होतं.

पाचव्या दिवशी सकाळी निघालो. सात वाजताची गाडी, सोमवारी साताऱ्याला सही. सासूबाई वाटी घेऊन दारात, लीला त्यांच्यामागे, यमी उंबऱ्यावर. दही खाल्लं. बूट घातले, दोन्ही. सगळे माझ्या त्या एका शब्दासाठी थांबले होते आणि मला अचानक त्या शब्दाचा कंटाळा आला. येतो म्हणायचं कुणाला? ज्या व्यक्तीला सांगायचं ती तर ऐकताच रडते.

“जातो,” मी म्हणालो.

सासूबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. “बसा,” त्या म्हणाल्या, पण हळू, आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

“नाही बसत आई. जातो.”

आणि यमी हसली. नीट, चारांचे आठ झालेले सगळे दात दाखवून. तिने टाळ्या वाजवल्या, डब्याला झाकण बसल्यावर वाजवल्या होत्या तशा, आणि बसल्या बसल्या उड्या मारायला लागली. “जातो!” ती म्हणाली. पाच दिवसांत मी तिला एवढं आनंदात पाहिलं नव्हतं.

मी गल्लीच्या टोकापर्यंत मागे न बघता गेलो. तिथे मागे बघितलं. ती अजून टाळ्या वाजवत होती.

गाडीत खिडकी मिळाली. शेजारी एक बाई केळी खात होत्या, त्यांनी मला एक दिलं, कदाचित माझ्याकडे बघून. तुळजापूरच्या अलीकडे गाडी चहाला थांबली तेव्हा सव्वानऊ झाले होते. मी चहा घेतला आणि लीलाचा फोन आला.

“तुम्ही कुठे पोचलात?”

मी ठिकाण सांगितलं.

“ही उंबऱ्यावरून हलेना. तुम्ही गेल्यापासून तिथेच बसलीय. दूध नाही घेतलं. रस्त्याकडे बघून ‘बाबा जा, बाबा जा’ करतेय.”

“गेलो म्हणावं. आता तरी दूध पी म्हणावं.”

“अहो, थांबा. आधी ऐका.” लीलाचा आवाज कसातरीच होता. पहिलीच्या वर्गात कुणी पडलं तर ती असं बोलते, भराभर आणि शांत. “मी आंघोळीला गेले होते. आतून आईला म्हटलं, टॉवेल दे, मी येते बाहेर. तर ही बाहेर रडायला लागली. मी घरातच होते, कुठे निघाले नव्हते. नुसतं ‘येते’ ऐकलं आणि रडली. मला काहीतरी वाटलं म्हणून मी म्हणाले, बरं, नाही येत, जाते. जाते यमे. तर गप्प. हसायला लागली आणि तेवढ्यापुरती उंबऱ्यावरून उठून न्हाणीच्या दाराशी येऊन उभी राहिली, माझी वाट बघत.”

चहा हातात होता.

“तिला कुणी शिकवलंय?” लीला म्हणाली. “ती बघते आणि शिकते. या घरात येतो म्हणणारा माणूस निघून जातो. तुम्ही, मी, दूधवाला, सगळे. रोज. आणि जा म्हटलं की मांजर येतं. आम्ही तिला बोलावताना चल म्हणतो, हिकडं म्हणतो, ये कुणी म्हणतच नाही. ती बरोबर शिकलीय, अहो. तिचं काही चुकलेलं नाही.”

“म्हणजे ती मला...”

“पाच दिवस बोलावतंय लेकरू तुम्हाला. हात पसरून बोलावतंय. आणि तुम्ही तिला कोपऱ्यात पाठवलंत.”

हॉटेलवाला कप परत मागत होता. मी कप दिला. त्यात चहा तसाच होता, तो म्हणाला, साखर कमी झाली का.

“फोन दे तिला,” मी म्हणालो.

तिचा श्वास ऐकू आला. वारा नव्हता, त्यामुळे अगदी स्पष्ट. दोन-तीन वेळा नाक ओढलं.

“यमे,” मी म्हणालो. “बाबा जातो. आत्ता जातो. लगेच जातो.”

ती हसली. मग फोनमध्ये तोंड घालून, ओलं ओलं, म्हणाली, “जा.”

मी गाडीतून सॅक काढायला चढलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, तुमचं तिकीट सोलापूरचं आहे. मी म्हणालो, हो, पण मला जायचं आहे. तो म्हणाला, मग बसा की. हे त्याला समजावणं माझ्या ताकदीबाहेरचं होतं. केळीवाल्या बाईंनी सॅक खिडकीतून दिली.

लातूरकडे जाणारी गाडी पाऊण तासाने मिळाली. औशाला पोचलो तेव्हा ऊन उंबऱ्यावर आलं होतं आणि त्या उन्हात ती बसली होती, हिरव्या फ्रॉकमध्ये, केसांचा कारंजा एका बाजूला पडलेला. मला पाहिलं. उठली नाही. हात पुढे केले, झाडल्यासारखे, आणि जरा अविश्वासाने, इतक्या वेळा सांगून झाल्यावर आपण सांगतो तसं, म्हणाली,

“बाबा. जा.”

मी गेलो. तिने माझ्या मानेभोवती दोन्ही हात घातले आणि कानाला नाक पुसलं. किती वेळ ते मला माहीत नाही, मी तेव्हा तक्ता भरत नव्हतो.

दुपारभर आम्ही एकच खेळ खेळलो. मी खोलीच्या या टोकाला बसून ‘जा, यमे, जा’ म्हणायचो आणि ती धावत यायची. सासूबाई ऐकून ऐकून कासावीस झाल्या. सणाच्या दिवसांत बाप लेकराला जा म्हणतो, हे त्यांना बघवत नव्हतं. लीलाने त्यांना दोनदा समजावलं. त्यांना पटलं, पण कान हातांनी झाकून घेऊन पटलं. एकदा चुकून माझ्या तोंडून ‘ये’ गेलं, तर ती थबकली, ओठ बाहेर आला, आणि मुकाट्याने कोपऱ्याकडे वळली. मी खोलीभर ‘जा जा जा’ ओरडत तिच्यामागे धावलो.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतंच. सात वाजताची गाडी, वाटी, दही, बूट. मी उंबऱ्यावर उभा राहिलो.

“म्हणा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत कालचं अजून होतं.

यमी लीलाच्या कडेवर होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मे महिन्यात बघत होती तशीच. आता मला कळत होतं, ती काय बघत होती ते. येतो म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की हा गेला. जातो म्हटलं असतं तर टाळ्या वाजवत त्याच उंबऱ्यावर संध्याकाळपर्यंत बसली असती. गाडीची वेळ होत होती. सासूबाई वाटी धरून थांबल्या होत्या. मी इतक्या शब्दांचा माणूस, वर्गात बोलतो म्हणून बाकावर उभा राहिलेला. पण तिथे उभं राहून मला निघण्यापुरता एक शब्द सापडेना.

शेवटी लीला यमीला मांजर दाखवायला मागच्या दारी घेऊन गेली. मी सासूबाईंच्या कानाशी वाकून, चोरासारखं, “येतो” म्हणालो. “या,” त्याही कुजबुजल्या. मग मी बूट हातात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत मोज्यांवर गेलो. मागून तिचा आवाज येत होता. मांजराला बोलावत होती.

साताऱ्याला देवस्थळी साहेबांसमोर जैसलमेरचा कागद होता. मी नकारावर सही केली. खाली कारण लिहायला एक ओळ होती. मी लिहिलं: निरोपाचा शब्द उपलब्ध नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, हा काऊसारखा प्रकार आहे का. मी हो म्हणालो.

औशाजवळ सबस्टेशनवर नोकरी मिळायला आणखी दीड वर्ष गेलं. ते दीड वर्ष मी नऊ नंबरखाली उभा राहून ‘जातो यमे, होळीला जातो’ असं ओरडत काढलं, आणि शेळकेमामा मान हलवत राहिले. पण त्याच्या आधीच, फेब्रुवारीत, एका संध्याकाळी मी ‘जातो’ म्हणालो आणि ती हसली नाही. मग तिचा आवाज आला, जरा रागावलेला. “जातो नाइ. येतो.”

लीला मागून हसत होती. आठवडाभर झाला, बरोबर बोलते, म्हणाली. आईला ‘ये’ म्हणते, मला ‘ये’ म्हणते. आपोआप सुधारलं. आईने पेढे वाटले.

मी कंट्रोल रूमवर आलो आणि तक्ता भरला. सायंकाळी ६, वारा ७, शेरा – दुरुस्त झाले. पुढच्या महिन्यात ऑफिसातून विचारणा आली, काय दुरुस्त झाले.

आता यमी नऊ वर्षांची आहे. गेल्या शनिवारी तिची पहिली मुक्कामाची सहल होती, दोन दिवसांची. सकाळी सहाला शाळेची गाडी गल्लीच्या टोकाशी उभी होती. सासूबाईंनी दही चारलं. सॅक तिच्यापेक्षा मोठी होती. तिने उंबरा सरळ ओलांडला, बूट घातले, आणि माझ्याकडे न बघता, गाडीत कोण कोण चढलंय ते बघत, म्हणाली,

“येते हं, बाबा.”

“जा,” मी म्हणालो.

सासूबाई आतून ओरडल्या, जा काय म्हणता, ये म्हणावं. यमीने मागे वळून मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. “बाबा, जा नाही म्हणायचं. निघणाऱ्याला ये म्हणायचं.”

हॉर्न वाजला. ती पळाली. सॅक पाठीवर डावी-उजवीकडे हलत होती, केसांना आता दोन वेण्या होत्या. ती गाडीत चढेपर्यंत मी उंबऱ्यावर उभा होतो, दोन्ही हात पुढे करून.

“जा, यमे,” मी म्हणालो. “जा.”